मायकल गेला त्या रात्री मीपण मायकल होतो

२००९ साली मी मालाडला एका कॉल सेंटरमध्ये होतो, नाइट शिफ्ट, अमेरिकन क्रेडिट कार्डांची प्रोसेस. तेव्हा फ्लोअरवर सगळ्यांना अमेरिकन नावं असायची. आमच्या टीममधला पांडुरंग पीटर होता, स्नेहल सँड्रा होती, आणि मला ट्रेनिंगमध्येच मायकल हे नाव चिकटलं होतं, म्हणजे कुणी विचारलं वगैरे नव्हतं, ट्रेनर यादी घेऊन वरून खाली नावं वाटत आला आणि माझ्या वाट्याला मायकल आला.

तर २५ जूनची रात्र, आपल्याकडे २६ची पहाट. त्या वर्षी पाऊस लांबला होता, बाहेर नुसती घामाची चिकचिक आणि आत एसीने हातपाय गारठलेले. साडेतीन-पावणेचारच्या सुमाराला एका बाईंचा कॉल आला, लेट फी का लावली म्हणून. मी नेहमीसारखं थँक यू फॉर कॉलिंग, धिस इज मायकल म्हणालो तर पलीकडून काही आवाजच नाही. वाटलं कॉल ड्रॉप झाला. मग त्या म्हणाल्या की आज या नावाचा माणूस फोन उचलेल असं वाटलं नव्हतं, आणि रडायलाच लागल्या. मला काय कळेना. फ्लोअरवर नेट ब्लॉक, मोबाइल बाहेर लॉकरमध्ये, जगात काय चाललंय ते आम्हाला सकाळी कॅबमध्ये बसल्यावर कळायचं. शेवटी त्यांनीच सांगितलं की मायकल जॅक्सन गेला. लेट फी मी काढून टाकली, तेवढा अधिकार आम्हाला होता.

पुढचा कॉल एका बाप्याचा. नाव ऐकून खो खो हसला, म्हणाला अरे तू अजून जिवंत आहेस होय, आणि लगेच एक जोक सांगितला जो मी इथे लिहिणार नाही, लहान मुलांवरचा होता. त्याच्या पुढच्याने फक्त बॅलन्स विचारला आणि ठेवून दिला, त्याला कशाचं काहीच नव्हतं. मग एक म्हातारे गृहस्थ, ते म्हणाले की टीव्हीवर कालपर्यंत याला वेडा म्हणत होते आणि आज देव करून ठेवलाय, बंद केला मी टीव्ही. सकाळपर्यंत हेच. कुणी हुंदके देतंय, कुणी देवाने न्याय केला म्हणतंय, आणि दर वेळी मला आधी स्वतःचं नाव मायकल सांगायचं होतं. टीएल, म्हणजे टीम लीडर, दोनदा खुर्चीमागे येऊन उभा राहिला, एएचटी (एका कॉलला लागणारा सरासरी वेळ) वाढतोय, कस्टमरला जास्त बोलू देऊ नकोस. पांडुरंग म्हणाला आजच्या दिवस नाव बदल ना भावा, पण नाव बदलायला मेल टाकावा लागायचा आणि अप्रूव्हल यायला आठवडा.

एखादा मोठा माणूस गेला की लोक कसे वेगवेगळे वागतात यावर मी नंतर बरंच वाचलं, ऐकलं, अजूनही दर वेळी कुणी गेलं की तीच भांडणं नव्याने बघतो. पण एकाच रात्रीत ती सगळी माझ्या कानात, हेडसेटमधून, एकामागून एक आली, त्यामुळे मला मायकल जॅक्सनचंच उदाहरण सुचतं. मी काही त्याचा फॅन नव्हतो, हे आधीच सांगतो. शाळेच्या गॅदरिंगला वर्गातली पोरं मूनवॉक करताना पडायची तेवढीच ओळख.

त्या दिवशी काय काय झालं ते आठवून बघा. लॉस एंजेलिसच्या हॉस्पिटलात दुपारी २ वाजून २६ मिनिटांनी त्याला मृत घोषित केलं, वय ५०. बातमी पहिल्यांदा फोडली टीएमझी नावाच्या गॉसिप साइटने, मोठमोठे चॅनल कन्फर्म करायला थांबले होते आणि लोक तोपर्यंत रडूनसुद्धा झाले होते. गूगल न्यूजवर इतके लोक एकदम त्याचं नाव शोधायला लागले की गूगलला वाटलं कुणीतरी हल्ला केलाय, काही वेळ शोधणाऱ्यांना एररचं पानच दिसत होतं. ट्विटर बसलं. त्याच दिवशी सकाळी फरा फॉसेट गेली होती, सत्तरच्या दशकातली केवढी मोठी नटी, तिच्या वाट्याला जेमतेम काही तास आले. मरणालाही मुहूर्त लागतो असं म्हणावं तर ते वाईट दिसतं, पण झालं तसंच.

आणि ते हॉलिवूडच्या फुटपाथवरचं प्रकरण, मला ते फार आवडतं. तिथे वॉक ऑफ फेमवर स्टार बसवलेले असतात ना नावांचे, तर मायकल जॅक्सनचा स्टार ज्या थिएटरसमोर आहे तिथे त्या संध्याकाळी एका सिनेमाचा प्रीमियर होता, रेड कार्पेट, मांडव, सगळा लवाजमा, आणि स्टार नेमका त्याच्या खाली. चाहते फुलं, मेणबत्त्या घेऊन आले तर जायला वाट नाही. मग कुणाला तरी थोडं पुढे मायकल जॅक्सन नावाचा दुसरा एक स्टार सापडला आणि लोकांनी तिथेच फुलांचा ढीग घातला. तो स्टार होता मायकल जॅक्सन नावाच्या एका रेडिओ होस्टचा. ते गृहस्थ चांगले हयात होते! म्हणजे एका जिवंत माणसाच्या नावावर लोक फुलं वाहून, गुडघ्यावर बसून रडत होते. काहींना माहीत नव्हतं, काहींना माहीत असूनही चालत होतं. मला दुसऱ्या प्रकारचे लोक जास्त पटतात. फुलं आणलीत, परत घरी न्यायची का?

जर्मनीत म्युनिकला याच्यावर कडी झाली. तिथे एका हॉटेलसमोर ओरलांडो दी लासो म्हणून सोळाव्या शतकातल्या संगीतकाराचा पुतळा आहे. मायकल त्या हॉटेलात उतरायचा आणि चाहते खाली त्या पुतळ्यापाशी उभे राहायचे, एवढाच संबंध. तो गेल्यावर लोकांनी पुतळ्याचा चौथरा फोटो, पत्रं, मेणबत्त्यांनी भरून टाकला आणि नंतरही कित्येक वर्षं ते तसंच चालू ठेवलं. बिचारा लासो चारशे वर्षांपूर्वी गेलेला, वर उभा राहून दुसऱ्याचं श्राद्ध बघतोय. फिलिपिन्समध्ये सेबूच्या तुरुंगातल्या कैद्यांनी आवारात सामूहिक नाच करून श्रद्धांजली दिली, त्यांचा थ्रिलरवरचा नाच आधीच यूट्यूबवर गाजला होता. आणि लंडनला त्याचे ५० शो होणार होते ओ टू अरेनात, तिकिटं केव्हाच संपलेली. आयोजकांनी लोकांना सांगितलं की पैसे परत घ्या नाहीतर छापील तिकीट आठवण म्हणून ठेवा, आणि भरपूर लोकांनी पैसे सोडून तिकीट घेतलं. आता आयोजकांचा यात फायदाच झाला हे उघड आहे, पण न झालेल्या शोचं तिकीट पैसे सोडून कपाटात ठेवणारा माणूस काही गणित करत नसतो.

हे झालं रडणाऱ्यांचं. आता जोक्सकडे येतो, कारण आपल्याकडे रडण्यापेक्षा तेच जास्त आले. व्हॉट्सॅप नव्हतं तेव्हा, एसएमएसवर. दुपारी झोपून उठलो तर इनबॉक्स फुल. अर्धे जोक लहान मुलांवरचे, ते अमेरिकेतूनच भाषांतर होऊन आलेले, आणि उरलेले रंगावरचे. काळा जन्मला आणि गोरा होऊन मेला, यमाने फोटो बघून ओळखलंच नाही, फेअरनेस क्रीमची जाहिरात याच्याकडून करून घ्यायला हवी होती, असले. हिंदी चॅनलवर तर संध्याकाळपर्यंत स्क्रीनवर त्याचे लहानपणापासूनचे चेहरे एका रांगेत लावून मागे भुताच्या सिनेमाचं म्युझिक.

आमच्या घरी तेव्हा आत्या राहायला होती. आत्याला कोड आहे. लग्न ठरायच्या आधी मनगटावर एक डाग आला, मग बोटांवर, मग ओठाच्या कडेला. लग्न मोडलं आणि पुढे कधी झालंच नाही. लहानपणी मी बघायचो, ती बावचीचं तेल लावून सकाळच्या उन्हात गॅलरीत हात पसरून बसायची, कातडी लाल होऊन सोलवटायची तरी बसायची, कारण कुणा वैद्यांनी सांगितलं होतं. घरात कुणी मासे आणि दूध एका दिवशी खाल्लं की आजी अंगावर धावून यायची, बघा तुमच्या आत्याचं काय झालं. चहा द्यायला बाहेर आली की पदर मनगटावर ओढून घ्यायची, कपबशी एका हाताने पुढे करायची, दुसरा हात दिसूच द्यायची नाही. पुढे पुढे चेहऱ्यावर इतकं पसरलं की मूळ रंगाचे तेवढे ठिपके उरले, आणि बाहेर जाताना बारा महिने छत्री, कारण ऊन सोसायचं नाही.

तर आत्या कॉटवर बसून टीव्ही बघत होती. तिला त्याचं एक गाणं माहीत नव्हतं. चॅनलवाला सांगत होता की बघा कसा छत्री घेऊन फिरायचा, कसा चेहरा झाकायचा, काय वेड होतं या माणसाला गोरं व्हायचं. आत्या म्हणाली, याला माझंच आहे. मी म्हटलं अगं नाही, त्याने ऑपरेशन करून घेतलं म्हणतात. ती म्हणाली नाकाचं केलं असेल, कातडीचं माझंच आहे, हात बघ ना त्याचे, मला कुणी शिकवायला नको.

आणि तिचंच बरोबर. १९९३ला ऑप्रा विन्फ्रीच्या मुलाखतीत त्याने स्वतः सांगितलं होतं की मला त्वचेचा आजार आहे, रंग जातो, माझ्या हातात नाही. फारसं कुणी खरं मानलं नाही. मग पोस्टमॉर्टेमच्या रिपोर्टात लिहून आलं, व्हिटिलिगो, म्हणजे कोडच. कोड फार पसरलं की काही जण राहिलेला रंगही क्रीम लावून घालवतात, अंग निदान एकसारखं दिसावं म्हणून, ही डॉक्टरांकडे मिळणारी साधी ट्रीटमेंट आहे. तो रिपोर्ट २०१०च्या सुरुवातीला बाहेर आला तेव्हा मी आत्याला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, मग इतकी वर्षं काय बोंबलत होते सगळे? आणि विषय संपवून गॅसचं बुकिंग कसं करायचं ते विचारायला लागली.

मजा म्हणजे ते रंगाचे जोक पाठवणाऱ्यांत आमचेच नातेवाईक होते, ज्यांनी आपल्या मुलीच्या लग्नात आत्याला स्टेजवर फोटोला बोलावलं नव्हतं. असो.

इकडे आपण गोरा झाला गोरा झाला करत होतो आणि तिकडे अमेरिकेत काळ्या लोकांना त्यात शंकाच नव्हती की हा आपला माणूस. न्यूयॉर्कला हार्लेममध्ये अपोलो थिएटरच्या बाहेर लोक जमले, जिथे तो लहान असताना भावांबरोबर गायला होता. तीनच दिवसांनी बीईटी या काळ्या प्रेक्षकांसाठीच्या चॅनलचे अवॉर्ड्स होते, सगळा कार्यक्रमच त्याच्या नावाने झाला आणि नट जेमी फॉक्स स्टेजवरून म्हणाला की तो आमचा होता, आम्ही त्याला बाकीच्यांबरोबर वाटून घेतला. (त्याच कार्यक्रमाच्या रेड कार्पेटवर बाप जो जॅक्सन मुलाबद्दल विचारलं तर स्वतःच्या नव्या रेकॉर्ड कंपनीची जाहिरात करत होता. ही पण एक प्रतिक्रियाच म्हणायची.) गोऱ्या अमेरिकेला हे थोडं खटकलं, तो तर सगळ्यांचा होता ना म्हणून. पण आठवा की एमटीव्ही सुरुवातीला काळ्या गायकांचे व्हिडिओ जवळपास दाखवतच नव्हतं, १९८३ला याच्या व्हिडिओंनी ते दार उघडलं. त्याचे वडील गॅरी गावातल्या स्टील मिलमध्ये क्रेनवर, दोन बेडरूमच्या घरात नऊ मुलं. तिथून निघालेला पोरगा म्हणजे त्यांच्यासाठी नुसता गायक नसणार. ७ जुलैला स्टेपल्स सेंटरमध्ये मोठी श्रद्धांजली सभा झाली तेव्हा काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे पाद्री अल शार्प्टन त्याच्या मुलांकडे बघून म्हणाले की तुमच्या वडिलांमध्ये विचित्र काही नव्हतं, त्यांना जे सोसावं लागलं ते विचित्र होतं, आणि अख्खं स्टेडियम उठून उभं राहिलं. मी ते नंतर बघितलं. आत्याबरोबर बघायला हवं होतं असं वाटलं.

त्या सभेला १७,५०० पास होते आणि लॉटरीसाठी १६ लाखांवर लोकांनी नावं नोंदवली. लॉस एंजेलिस महापालिकेकडे पैसे नव्हते, तर त्यांनी बंदोबस्ताच्या खर्चासाठी चाहत्यांकडेच वर्गणी मागितली. झालं, लगेच भांडण. आमच्या टॅक्सच्या पैशाने याचं कशाला?

आणि मग आले पीटर किंग. न्यूयॉर्कचे खासदार, सभेच्या दोन दिवस आधी त्यांनी व्हिडिओ काढला. मायकलला नाही नाही ते बोलले आणि मुख्य मुद्दा असा की शिक्षक, पोलीस, फायर ब्रिगेडवाले, सैनिक यांच्यासाठी आपण असं करत नाही आणि या माणसाचा कसला उदो उदो चाललाय. त्याच्या आधी त्याच संसदेत सभागृहाने त्याच्यासाठी उभं राहून शांतता पाळली होती. शीला जॅक्सन ली या खासदारबाईंना पुढे जाऊन ठराव पास करायचा होता, तर सभापती पेलोसींनी नको म्हटलं. एकाच संसदेच्या तीन प्रतिक्रिया.

आता हे किंगसाहेबांचं वाक्य ओळखीचं वाटलं की नाही? आपल्याकडे कुणीही कलाकार जाऊदे, दुसऱ्या तासाला कुणीतरी लिहितंच, सीमेवर जवान शहीद होतायत, विदर्भात शेतकरी फास लावून घेतोय आणि तुम्ही एका गाणाऱ्यासाठी रडताय. मला याचा आता खरंच वैताग आलाय. कारण लिहिणाऱ्याचा कालचा, परवाचा, गेल्या महिन्याचा काहीही चाळून बघा, शेतकरी कुठेही सापडत नाही. शेतकरी थेट आजच, कुणीतरी रडायला लागल्यावर, मध्ये घालायला म्हणून येतो. आणि रडण्याला काय कोटा असतो का रेशनसारखा, की मायकलसाठी पावशेर गेलं तर जवानाला कमी पडणार? जी बाई माझ्याशी फोनवर रडली ती त्यामुळे कुणाच्या वाटणीचं रडली नव्हती.

पण हेच बोलणं चॅनलच्या बाबतीत कुणी केलं तर मी त्याच्या बाजूने. कारण चॅनलकडे दिवसाचे चोवीसच तास असतात, तिथे खरंच एकाचं जाऊन दुसऱ्याला मिळतं. त्याच जूनमध्ये इराणमध्ये निवडणुकीवरून लाखो लोक रस्त्यावर होते. २० जूनला नेदा आगा-सोलतान ही मुलगी तेहरानच्या रस्त्यावर गोळी लागून गेली, मोबाइलवर शूट झालेलं ते मरण जगाने बघितलं, आणि पाच दिवसांनी अमेरिकन केबल चॅनलवरून इराण पुसल्यासारखं गायब. व्हेनेझुएलाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष चावेझ यांनी सीएनएनला मायकलच्या कव्हरेजवरून झापलं, त्यांचा हेतू वेगळा असेल पण मुद्दा खोटा नव्हता. प्यू या अमेरिकन संस्थेच्या सर्व्हेत जवळपास दोन तृतीयांश अमेरिकन म्हणाले की कव्हरेज फार झालं. म्हणजे रडणाऱ्यांनाही ते फार वाटत असणार, आणि मला ते अगदी पटतं. घरातलं माणूस गेल्यावरही शेजारी सारखे येऊन तेच तेच विचारायला लागले की नको होतं. त्यातून हे चॅनलवाले ज्याला पंधरा वर्षं टर उडवून खाल्लं त्याच्याच मयताला सर्वात पुढे.

एअरटाइम आणि अश्रू या दोन गोष्टी वेगळ्या करून बघितल्या तर यातली अर्धी भांडणं होणारच नाहीत असं माझं मत आहे. पण कुणी वेगळ्या करत नाही.

मुंबईचं वेगळंच. इथे एक नोव्हेंबर १९९६ला त्याचा शो झाला होता, अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सला, आणि आणला कुणी तर शिव उद्योग सेनेने, राज ठाकरेंच्या पुढाकाराने, मराठी तरुणांच्या रोजगारासाठी निधी म्हणून. एअरपोर्टवर नऊवारीतल्या सोनाली बेंद्रेने ओवाळलं. तो मातोश्रीवर गेला, बाळासाहेबांना भेटला, तिथलं बाथरूम वापरलं त्याची बातमी झाली आणि ती अजून लोकांना पाठ आहे. हॉटेलातून जाताना उशीवर भारतासाठी प्रेमाचं पत्र लिहून गेला. तेव्हाही दोन तट होतेच. एकीकडे पाश्चात्त्य संस्कृतीच्या नावाने बोटं मोडायची, त्याच महिन्यात बंगलोरला मिस वर्ल्डच्या विरोधात संस्कृतीवाले रस्त्यावर, आणि इथे सत्तेतला पक्ष मायकलच्या स्वागताला. बाळासाहेबांनी सरळ सांगितलं की तो मोठा कलाकार आहे, त्याच्यासारखं हलायला गेलात तर हाडं मोडतील. सरकारने करमणूक कर माफ केला, त्यावर मुंबई ग्राहक पंचायत कोर्टात गेली आणि ते तीन कोटींच्या वरचे पैसे अडकून पडले.

त्यामुळे २००९ला आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत जे मायकलवर बोलत होते ते खरं तर १९९६वरच बोलत होते. आमचे एक काका शिवसेनेच्या शाखेत होते, त्यांनी अंधेरीला बंदोबस्ताला स्वयंसेवक म्हणून ड्युटी केली होती, लांबून का होईना बघितला होता. ते गेटवर उभं राहून असे बोलत होते जसा काही त्यांच्या वॉर्डातला माणूस गेलाय. समोरचे जोशीकाका, रिटायर्ड, कर भरणारे, ते म्हणाले की आधी आमचे ते तीन कोटी द्या मग शोक करा. दोघांचा त्यावरून आवाज चढला आणि बायकांना मध्ये पडावं लागलं. लॉस एंजेलिसमध्ये त्याच आठवड्यात टॅक्सच्या पैशावरून जे चाललं होतं तेच आमच्या वॉचमनच्या टेबलापाशी चाललं होतं, फक्त इथलं बिल तेरा वर्षं जुनं. आणि ते पुढेही मिटलं नाही, करमाफीचा निर्णय शेवटी जानेवारी २०२१मध्ये मंत्रिमंडळाने केला. माणूस जाऊन साडेअकरा वर्षं. जोशीकाका तोपर्यंत नव्हते, नाहीतर त्यांनी पेपर घेऊन सोसायटी ऑफिस गाठलं असतं.

आता जी गोष्ट मी टाळत टाळत इथपर्यंत आलो. ती लहान मुलं.

१९९३ला पहिला आरोप झाला, १९९४ला मोठी रक्कम देऊन कोर्टाबाहेर मिटवलं. २००५ला कॅलिफोर्नियात खटला उभा राहिला आणि ज्युरीने सगळ्या आरोपांतून निर्दोष सोडलं. २००९च्या जूनमध्ये ज्याला रडायचं होतं तो २००५कडे बोट दाखवत होता आणि ज्याला शिव्या द्यायच्या होत्या तो १९९४कडे. मग २०१९ला एचबीओवर ती चार तासांची डॉक्युमेंटरी आली, दोन मोठे झालेले पुरुष कॅमेऱ्यासमोर बसून सांगतात की लहानपणी त्याने आमच्याबरोबर काय केलं. त्यातल्या एकाने २००५ला कोर्टात त्याच्याच बाजूने साक्ष दिली होती. चाहते म्हणाले बघा, खोटारडा. ज्यांना या विषयातलं कळतं ते म्हणाले की अशी मुलं कित्येक वर्षं, कधी कधी आयुष्यभर, तोंड उघडत नाहीत. कॅनडा, न्यूझीलंडमधल्या काही रेडिओ स्टेशनांनी गाणी बंद केली, सिम्पसन्स या कार्टून मालिकावाल्यांनी त्याचा आवाज असलेला एपिसोड काढून टाकला. म्हणजे तो गेल्यावर दहा वर्षांनी लोकांनी पुन्हा एकदा, नव्याने प्रतिक्रिया दिली, आणि या वेळी पहिल्या वेळचे रडणारेसुद्धा गप्प होते.

माझी भाची तेव्हा कॉलेजला होती. तिने ती डॉक्युमेंटरी बघितली आणि सोसायटीच्या गणपतीत एका छोट्या मुलाचा मायकलच्या गाण्यावर डान्स बसवला होता तो बदला म्हणून कमिटीपर्यंत गेली. कमिटीला ती काय म्हणतेय तेच कळलं नाही, त्यांना वाटलं इंग्लिश गाणं नको म्हणतेय. मी तिला म्हटलं कोर्टाने सोडलंय त्याला. ती म्हणाली मामा, कोर्टाने सोडलं म्हणजे तुला फाशी देता येत नाही एवढंच, तुझ्यावर विश्वास ठेवायची सक्ती नाही माझ्यावर. मी म्हटलं मग जे लोक रडले ते सगळे चूक का? ती म्हणाली मी कुठे म्हणतेय, रडू दे ना, मी त्या मुलाच्या डान्सबद्दल बोलतेय.

मला तेव्हा जाणवलं की कॉलवर रात्रभर मी जे ऐकलं त्यात हे एवढं साधं कुणी बोललंच नव्हतं. रडणारे रडण्याबरोबर त्याला निर्दोष ठरवत होते आणि शिव्या देणारे शिव्यांबरोबर रडणाऱ्यांनाही आरोपी करत होते. कुणासाठी रडलं म्हणजे त्याला कॅरेक्टर सर्टिफिकेट सही करून दिलं असं होत नाही, आपण आपल्या घरातल्या माणसांसाठीही तसं रडत नाही, त्यांची सगळी लफडी माहीत असून रडतो. आणि नाही रडलं तर आपण फार न्यायी झालो असंही काही नाही, त्या जोकवाल्याला त्या मुलांची काळजी होती असं मला एक सेकंदही वाटलं नाही. मुलांची काळजी असणारा माणूस मुलांवर जोक करेल कशाला?

मला काय वाटतं विचाराल तर त्या दोघांवर माझा विश्वास बसतो. पूर्ण चार तास बघवलं नाही, पण जेवढं बघितलं त्यावर बसतो. ज्याच्या औषधाने तो गेला त्या डॉक्टरला शिक्षा झाली तेही बरोबर वाटतं, रोज रात्री झोपेसाठी घरी प्रोपोफोल देणारा डॉक्टर, ऑपरेशन थिएटरातलं औषध ते. आणि टीव्हीवर अकरा वर्षांची पॅरिस बापाबद्दल बोलताना रडली तेव्हा मलापण आवंढा आला होता, तो काही मी आता परत घेणार नाही. हे सगळं एकदम खरं असू शकतं.

गणपतीतला तो डान्स झाला, टोपी-बिपी घालून, टाळ्या पडल्या. भाची खाली आली नाही.

आत्या आता शहात्तरची आहे. टीव्हीवर त्याचा फोटो आला की अजून म्हणते, आमच्यातला होता. तिला मी त्या डॉक्युमेंटरीचं काही सांगितलेलं नाही. भाची म्हणते सांगायला हवं, आजीला कळतं सगळं, तू ठरवणारा कोण. तिला सांगायचंच असेल तर मी अडवणार नाही, पण माझ्या तोंडून काही ते होणार नाही.